गर्भपिशवी काढली, मग आता केमो कशाला?

एका वाचक भगिनीचं पत्र, ओळख पटेल असे तपशील गाळून, थोडक्यात:

"माझं वय 44. बरेच महिने पाळीत खूप अंगावरून जायचं. पुढे पाळी नसतानाही डाग दिसू लागले, ओटीपोट जड वाटायचं. पॅप स्मिअर नॉर्मल आली होती. सोनोग्राफीत पिशवी वाढलेली दिसली, फायब्रॉइड असावा असं लिहिलं होतं. शेवटी गर्भपिशवी काढली, अंडाशय ठेवले. टाके सुकले, मी घरात हिंडूफिरू लागले आणि मग काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. सर्जन म्हणाले, गाठ पूर्ण निघाली आहे, तरी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. त्या डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला आणि नंतर आर-चॉप नावाची केमो, बहुतेक सहा वेळा. घरात दोन तट पडलेत. मिस्टर म्हणतात, रिपोर्टच चुकला असेल. थोरल्या जाऊबाई म्हणतात, मूळच काढून टाकलंय, आता अंगात विष कशाला घालून घ्यायचं? मलाही तसंच वाटतं, कारण आज मला काहीच त्रास नाही. एक डॉक्टर पिशवीचा कॅन्सर म्हणतात, दुसरे रक्ताचा. दुखणं अंगावर काढलं म्हणून हे झालं का? माझी मुलगी 19 वर्षांची आहे, तिला होईल का?"

ताई,

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत, पण तुमचा निर्णय अडलाय तो एकाच वाक्यापाशी: "मूळच काढून टाकलंय." जाऊबाईंचा तर्क चुकीचा म्हणावा असा नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा नेहमीचा कॅन्सर असता आणि तो लवकर सापडला असता, तर ऑपरेशन हाच मुख्य उपचार ठरला असता. कित्येक जणींना त्यापुढे काही लागतही नाही. त्यामुळे गर्भपिशवीतली गाठ म्हटलं की 'काढा आणि मोकळे व्हा' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुमचा आजार त्या घराण्यातला नाही, म्हणून तो नियम इथे लागू पडत नाही.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. या पेशींचं कामच शरीरभर फिरण्याचं. रक्तात, लसिका ग्रंथींत, प्लीहेत त्या असतात, तशा थोड्याफार प्रमाणात गर्भाशयाच्या अस्तरात, गर्भाशयमुखात आणि अंडाशयातही असतात. त्यातली एखादी पेशी बिघडून तिथेच वाढू लागली, की गाठ पिशवीत दिसते, पण जात लिम्फोमाचीच राहते. म्हणजे तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या परीने बरोबर बोलताहेत. एकाने जागा सांगितली, दुसऱ्याने पेशी. उपचार ठरतात ते पेशीवरून, आणि म्हणूनच आता सूत्रं रक्तविकारतज्ज्ञाकडे किंवा केमो देणाऱ्या कॅन्सरतज्ज्ञाकडे असायला हवीत. तुमच्या सर्जननी स्वतःहून तिकडे पाठवलं, हे फार चांगलं झालं.

झाडावरचं पोळं उतरवलं म्हणून माश्या संपल्या असं कुणी म्हणत नाही. या आजारात ऑपरेशनचं तसंच आहे. डोळ्यांना आणि हाताला लागलेली गाठ निघाली. फिरत्या पेशी कुठे उरल्यात का, हे ना सर्जनला सांगता येतं, ना 'कडा स्वच्छ आहेत' या रिपोर्टमधल्या ओळीला. डिफ्यूज लार्ज बी-सेल हा वेगाने वाढणारा प्रकार आहे. नुसत्या ऑपरेशनवर थांबलं, तर तो पुन्हा कुठेतरी डोकं वर काढण्याचा धोका मोठा असतो, आणि परतलेला लिम्फोमा पहिल्यापेक्षा हट्टी असतो. उलट बाजूही तितकीच खरी: हा वेगवान लिम्फोमा केमोला चांगली दाद देतो आणि मुळापासून बरा होऊ शकतो. आज बरं वाटतंय ते ऑपरेशनने रक्तस्राव थांबला आणि ओझं उतरलं म्हणून. ते रोग गेल्याची पावती नव्हे.

आता मिस्टरांकडे वळते. त्यांचं म्हणणं घरात बहुतेक 'मान्यच करत नाहीत' या खात्यात गेलं असेल. मला मात्र त्यात तथ्य वाटतं, फक्त कारण त्यांचं निराळं आणि माझं निराळं. लसिका ग्रंथींबाहेर सुरू होणाऱ्या लिम्फोमांपैकी स्त्रीच्या जननमार्गात सुरू होणारे जेमतेम शंभरात एखाद-दुसरे. त्यामुळे एखाद्या चांगल्या पॅथॉलॉजिस्टच्याही नजरेखालून असे नमुने फारसे गेलेले नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा लिम्फोमा कधी लहान पेशींच्या कार्सिनोमासारखा (म्हणजे अवयवाच्या अस्तरातून उठणाऱ्या कॅन्सरसारखा) दिसतो, कधी सार्कोमासारखा (म्हणजे स्नायूंसारख्या ऊतींच्या कॅन्सरसारखा), अंडाशयात असेल तर तिथल्या इतर गाठींसारखा. उलटही होतं. गर्भाशयमुखाच्या तीव्र दाहात लिम्फोसाइटची इतकी दाटी होते, की साधा दाह लिम्फोमासारखा भासतो. म्हणून नमुना दुसऱ्या तज्ज्ञाने पाहणं यात अविश्वास नाही. लिम्फोमात, आणि त्यातून अशा जागी, ते करावंच.

कसं करायचं, तर प्रयोगशाळेकडून मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात आणि फेरतपासणीसाठी ते मागण्यात काहीही गैर नाही. रक्ताच्या कॅन्सरचे नमुने नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे ते द्या. मूळ रिपोर्टमध्ये इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री केली आहे का ते बघा. त्यात पेशीवरच्या खुणा तपासतात. सीडी20 पॉझिटिव्ह, सीडी3 निगेटिव्ह आणि सायटोकेराटिन निगेटिव्ह असेल, तर पेशी बी-लिम्फोसाइटच्या आहेत, कार्सिनोमाच्या नाहीत, याला भक्कम आधार मिळतो. सीडी10, बीसीएल6, एमयूएम1 वरून उपप्रकार समजतो, केआय-67 वरून वाढीचा वेग. आणखी एक चाचणी आवर्जून विचारा: फिश. मायसी आणि बीसीएल2 या दोन जनुकांची मोडतोड एकाच वेळी झाली असेल, तर त्याला डॉक्टर 'डबल हिट' म्हणतात आणि तिथे आर-चॉपपेक्षा जोरकस उपचारांचा विचार होतो. हे केमो सुरू होण्याआधी कळलेलं बरं.

मात्र एक अट आहे, आणि ती मिस्टरांना वाचून दाखवा. फेरतपासणी आणि पेट स्कॅन एकाच वेळी चालू द्या. 'आधी रिपोर्ट पक्का होऊ दे, मग बघू' असं करत दोन महिने गेले, तर दुसरं मत घेण्याचा सगळा फायदा धुऊन निघेल. ऑपरेशनची जखम भरेपर्यंत काही आठवडे थांबणं वैद्यकीयदृष्ट्या साहजिक आहे, डॉक्टरही तितके थांबतात. महिनोन् महिने नाही.

पेट स्कॅन कशासाठी, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. आजार खरोखर फक्त पिशवीपुरता होता, की दुसरीकडे असलेल्या लिम्फोमाचा एक तुकडा तिथे दिसला, हे त्यावरून समजतं. दोन्ही शक्यता असतात. रिपोर्टवर पुढेमागे 'स्टेज आयई' असं दिसलं तर घाबरू नका. त्यातला ई म्हणजे ग्रंथींबाहेरच्या अवयवातला आजार, आणि पहिली पायरी ही सगळ्यांत बरी पायरी. स्कॅनच्या वेळी ऑपरेशनची तारीख तिथल्या डॉक्टरांना नक्की सांगा. भरत आलेली जखमही त्या स्कॅनमध्ये चमकते आणि उगीच संशय उभा राहतो. याच सुमारास रक्तात एलडीएच (पेशींतलं एक द्रव्य, आजाराचा जोर जास्त असेल तर ते वाढतं), एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सी तपासतील. हिपॅटायटिस बी नाव ऐकून अपमान वाटून घेऊ नका. आर-चॉपमधल्या रिटुक्सिमॅबमुळे यकृतात दडून बसलेला हा विषाणू पुन्हा उसळू शकतो, म्हणून ही तपासणी सर्वांचीच करतात. हृदयाचा इको करतील, कारण आर-चॉपमधल्याच डॉक्सोरुबिसिन या औषधाचा भार हृदयावर पडतो. हाडाच्या मगजाची तपासणी पेट स्कॅन स्पष्ट असेल तर काहींना लागत नाही, तेव्हा ती सांगितली तर कारण विचारा.

हे सगळं हातात आल्यावर 'केमो घ्यायची का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'किती घ्यायची' हा पुढे येतो. माझ्या मते तुमच्यासाठी खरा वाटाघाटीचा मुद्दा हाच आहे. सहा सायकल, म्हणजे केमोच्या सहा फेऱ्या, हा रूढ आकडा आहे. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लायर नावाच्या अभ्यासात 18 ते 60 वयाचे असे रुग्ण घेतले होते, ज्यांचा आजार पहिल्या-दुसऱ्या पायरीवर होता, एलडीएच नॉर्मल होतं, प्रकृती चांगली होती आणि गाठ साडेसात सेंटिमीटरपेक्षा लहान होती. त्यांच्यात आर-चॉपच्या चार सायकल आणि वर दोनदा नुसतं रिटुक्सिमॅब, हे सहा पूर्ण सायकलींच्या तुलनेत कमी पडलं नाही. तीन वर्षांनी आजार न वाढता असलेल्यांचं प्रमाण चारच्या गटात 96 टक्के होतं, सहाच्या गटात 94. तुम्ही या चौकटीत बसता की नाही, हे मला तुमचे कागद न पाहता सांगता येणार नाही, पण तुमच्या डॉक्टरांना सांगता येईल. गाठीचं माप पिशवीच्या रिपोर्टमध्ये असतं, ते शोधून ठेवा आणि सरळ विचारा: "मला चार पुरतील का? नसतील, तर कुठल्या कारणाने?" या प्रश्नाने कुठलाही चांगला डॉक्टर दुखावणार नाही.

रेडिओथेरपीबद्दलही विचारा. पूर्वी कमी केमो आणि जोडीला किरणं अशी पद्धत होती, काही रुग्णांना अजूनही देतात. तुमचे अंडाशय जागेवर आहेत आणि ओटीपोटावरच्या किरणांनी ते बंद पडू शकतात, त्यामुळे गरज नसताना ती घेऊ नयेत आणि गरज असली तर त्याची किंमत आधी कळावी. आणखी एक शंका विचारण्यासारखी: काही अभ्यासांत गर्भाशयातल्या या लिम्फोमाचा संबंध पुढे मेंदूकडे पसरण्याशी दिसला आहे. तो धोका तुमच्या बाबतीत किती धरायचा आणि त्यासाठी काही करायचं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांचा विचार ऐकून घ्या.

आता जाऊबाईंचं 'विष'. त्या अगदी हवेत बोलत नाहीत. आर-चॉपमधली औषधं निरोगी पेशींनाही मारतात, हे लपवून काय उपयोग? पण त्रास किती, कसला आणि किती दिवसांचा, हे समजलं की माणूस निदान समोरासमोर विचार करतो. दर 21 दिवसांनी एक सायकल. पहिल्या दिवशी शिरेतून चार औषधं, आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस. पहिल्या रिटुक्सिमॅबला थंडी-ताप भरू शकतो, म्हणून ते सावकाश सोडतात. केस जातात आणि परत येतात. लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते औषधाच्या रंगामुळे. चारांपैकी व्हिन्क्रिस्टिन या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि पोट साफ होत नाही. मुंग्या वाढल्या, शर्टाची बटणं लावताना अडखळायला झालं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता सांगावं, मात्रा कमी करता येते. हृदयाच्या भीतीबद्दल एक आकडा देते: सहा सायकलमध्ये डॉक्सोरुबिसिन शरीराच्या दर चौरस मीटरला 300 मिलिग्रॅम होतं, आणि आयुष्यभराची मर्यादा साधारण 450 ते 550 धरतात. खरा धोका आहे तो पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना येणाऱ्या तापाचा, बहुतेकदा दुसऱ्या आठवड्यात. ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी, जाऊबाईंना सर्वांत आधी. बरोबरीने कुणी काही काढे, चूर्णं सुचवली, तर घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. काहींचा औषधांशी आणि यकृताशी मेळ बसत नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटू शकते. पिशवी नसल्यामुळे पाळी येणार नाही, आणि केमोने अंडाशय थकून रजोनिवृत्ती अलीकडे आली तरी ती पाळीवरून कळणार नाही. अंगातून वाफा येणं, झोप उडणं, कोरडेपणा, मन उदास राहणं असं काही सुरू झालं, तर 'केमोचा अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नका. रक्ताची साधी तपासणी आणि हाडांची काळजी लागेल.

अंगावर काढण्याविषयी. नाही ताई, उशीर झाला म्हणून लिम्फोमा झाला नाही. बहुतेकांमध्ये तो का होतो हे नेमकं सांगता येत नाही. प्रतिकारशक्ती कमकुवत असलेल्यांत, उदाहरणार्थ एचआयव्ही असलेल्या किंवा अवयवरोपणानंतरची औषधं घेणाऱ्या रुग्णांत, तो जास्त दिसतो. स्मिअर नॉर्मल आली यातही कुणाचा हलगर्जीपणा नाही. ती चाचणी गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातल्या पेशी खरवडून पाहते, आणि हा आजार त्या थराखाली वाढतो. वरची त्वचा कित्येकदा अगदी शाबूत असते. म्हणून स्मिअर निरुपयोगी ठरत नाही. गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी ती हवीच. हा लिम्फोमा संबंधांतून पसरत नाही, तेव्हा मिस्टरांच्या मनात तशी काही शंका असेल तर तीही मिटवा.

हे वाचणाऱ्या काही जणींचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल. तुमच्या हातात 'कार्सिनोमा किंवा लिम्फोमा, पुढील तपासणी आवश्यक' असा अर्धवट रिपोर्ट असेल आणि पिशवी काढण्याची तारीख ठरली असेल, तर ती तपासणी पूर्ण होईपर्यंत तारीख पुढे ढकलता येईल का, हे आजच विचारा. लिम्फोमा ठरला, तर उपचारासाठी अवयव काढावा लागत नाही, नमुना पुरतो. तो मात्र खोलवरचा हवा. वरवरच्या तुकड्यात नुसती सूज दिसते आणि 'दाह' असा रिपोर्ट येतो. तक्रार चालूच असेल, गर्भाशयमुख फुगलेलं, घट्ट लागत असेल आणि एक बायॉप्सी काही बोलत नसेल, तर दुसरी मागा. अंडाशयाच्या गाठीत सीए-125 ही रक्तातली खूण थोडी वाढलेली असली म्हणून तो अंडाशयाचा नेहमीचा कॅन्सरच, असंही नाही. आणि सगळेच लिम्फोमा घाईचे नसतात. फॉलिक्युलर हा संथ प्रकार असेल, तर कधी नुसती किरणं पुरतात, कधी काही काळ लक्ष ठेवून थांबताही येतं. बर्किट हा अतिवेगवान प्रकार असेल तर उलट, तिथे दिवस मोजून पळावं लागतं. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी पहिली केमो लागण्यापूर्वी तो विषय स्वतः काढावा, कारण गडबडीत डॉक्टरांकडून तो राहून जातो. बीजांडं गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढा वेळ आहे की नाही हे आजाराच्या प्रकारावर ठरतं, पण प्रश्न विचारायला वेळ लागत नाही.

राहिली तुमची लेक. स्तनाच्या काही कॅन्सरसारखा हा आईकडून मुलीकडे सरळ उतरणारा आजार नाही. जवळच्या नात्यात लिम्फोमा असेल तर धोका किंचित वाढतो, इतका किंचित की त्यासाठी वेगळी तपासणी सुचवत नाहीत. 19 वर्षांची मुलगी घरातली कुजबुज ऐकून स्वतःच काहीतरी शोधत बसेल, त्याआधी तुम्हीच तिला नाव, जागा आणि उपचार सांगून टाका. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला तिला वही घेऊन सोबत न्या. तुम्ही आणि मिस्टर त्या खोलीत अर्ध्या गोष्टी ऐकणार नाही, ती ऐकेल. जाऊबाईंनाही यायचं असेल तर येऊ द्या, त्यांचा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारावा. पण पेट स्कॅनची तारीख त्यांच्या होकारासाठी थांबवू नका.